पाटाच्या पाण्याचे हिशेबनीस

पाण्याची, जंगलाची आणि जमिनीच्या कसाची किंमत मांडावी, ती मांडताना आजच्या लाभाशेजारी उद्याच्या हानीचाही आकडा ठेवावा, आणि त्या ताळेबंदाच्या आधारे राज्यकर्त्यांना चार न रुचणाऱ्या गोष्टी सांगाव्या, हा ज्यांचा पेशा आहे त्या अभ्यासकांना हल्ली पर्यावरण व साधनसंपत्तीचे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. त्यांची अध्यासने, त्यांची नियतकालिके आणि त्यांच्या पदव्या या बहुतेक गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या आहेत. हिशेब मात्र जुना आहे. आणि नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस, गिरणेच्या खोऱ्यात, तो कोणा विद्यापीठाच्या आश्रयावाचून शतकानुशतके मांडला गेला असल्यामुळे, या पेशाचा महाराष्ट्रातला पूर्ववृत्तांत शोधू जाणाऱ्याने पुण्याच्या ग्रंथालयापेक्षा देवळ्याच्या परिसरातून निघणे अधिक श्रेयस्कर, असे माझे मत आहे.

देवळा हा तालुका म्हणून अगदी अलीकडचा. १९९१ आणि २००१ या दोन जनगणनांच्या दरम्यान त्याला स्वतंत्र कचेरी मिळाली. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार नावांची आद्याक्षरे जुळवून लोक ज्याला ‘कसमादे’ म्हणतात त्या पट्ट्याचा हा दक्षिणेकडचा भाग. पश्चिमेच्या केम डोंगरात उगम पावणारी गिरणा कळवणाकडून उतरून तालुक्याच्या उत्तर अंगाने जाते, आणि भऊर, खामखेडा, सावकी, विठेवाडी, लोहोणेर ही तिच्या काठची गावे हिरवी राखते. तर दक्षिणेकडे सातमाळ्याच्या डोंगरांच्या आणि पूर्वेकडे उमराण्याच्या दिशेने जावे तसतशी माती उथळ होत जाते, आणि पावसाच्या भरवशाखेरीज दुसरे भांडवल नसलेली गावे लागतात. एकाच तालुक्यात पाटाचे पाणी लाभलेला आणि न लाभलेला असे दोन प्रदेश शेजारी-शेजारी नांदत असल्यामुळे, पाण्याने माणसाच्या संसारात नेमका किती फरक पडतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न येथे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे सदैव उभाच असतो.

१८६९ साली नाशिक जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत बागलाण आणि कळवणाचा हा मुलूख खानदेशात मोडत असे; आणि खानदेशाशी असलेले हे जुने नाते जसे येथल्या अहिराणी बोलीत तसेच येथल्या पाटबंधाऱ्यांच्या रीतीतही दिसून येते. गिरणेला मिळणाऱ्या आरम आणि मोसम या नद्यांवर, आणि पलीकडे धुळ्याच्या पांझरेवर, तीनशे-चारशे वर्षांपासून चालत आलेली जी फड पद्धत आहे, तिचे वर्णन थोडक्यात आटोपण्याजोगे नाही. नदीच्या पात्रात योग्य जागी दगडाचा बंधारा घालायचा, त्याच्या एका अंगाने दोन ते बारा किलोमीटर लांबीचा पाट काढायचा, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि अधिक झालेले पाणी नदीला परत नेणारे सांडम, अशी रचना करायची, हे तर कोणत्याही कुशल गवंड्याला आणि पाथरवटाला साधेल. खरी कारागिरी पुढेच आहे. पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडलेले असत, आणि कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, आणि पाणी अपुरे असल्यास कोणता फड पडीक ठेवायचा, हे दरसाल सर्व गावाने मिळून ठरवावयाचे असे. एका फडात एकच पीक. त्यात कोणाच्या लहरीला वाव नाही. खातेदाराची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे, पडीक फडाचा तोटा आणि उसाच्या फडाचा नफा हे दोन्ही थोड्याफार प्रमाणात सगळ्यांच्याच वाट्याला येत, आणि दुष्काळी साली पाणी आटले म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला उपाशी ठेवून पहिल्याने पोट भरावे, असे न होता भिजणारे क्षेत्रच सर्वांचे मिळून कमी होई.

या व्यवस्थेचे नोकर तीन. हवालदाराने देखरेख करायची, जागल्याने उभ्या पिकाची राखण करायची, आणि पाटकऱ्याने पाणी द्यायचे. पाणी द्यायचे म्हणजे केवळ पाटातून सोडायचे नव्हे. शेतात जाऊन वाफा भरेपर्यंतचे काम त्याचेच, आणि ज्याचे शेत त्याने स्वतः बारे फोडायचे नाही, हा दंडक. आपल्या शेताला हात लावू न देणारी ही शिस्त प्रथमदर्शनी जुलमी वाटेल. परंतु पाण्याच्या चोरीचा अर्धा मोह तिने मुळातच खुडून टाकला होता. या तिघांना मोबदला धान्यरूपाने, जमिनीच्या प्रमाणात मिळे, आणि हंगामापूर्वी पाटातला गाळ काढण्याचे काम त्याच प्रमाणात खातेदारांच्या अंगावर पडे. लाभाच्या प्रमाणात भार, टंचाईची सर्वांत विभागणी, पिकाच्या पालटाने जमिनीच्या कसाची जपणूक आणि पाणथळीला आळा, ही चारही तत्त्वे आज साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरणे अडवून बसलेली आढळतील. ज्याने ती प्रथम योजिली त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. आणि पाटकऱ्याला तर आपण कोणते शास्त्र आचरतो याची विवंचना करायला फुरसतच नसावी.

इंग्रजी अंमलात या मुलखाकडे जो पहिला अर्थशास्त्री अधिकारी वर्ग वळला, त्याची दृष्टी निराळी होती. दख्खनच्या पहिल्या जमीन पाहणीचा कर्ता प्रिंगल हा हेलीबरीच्या महाविद्यालयात साक्षात माल्थसच्या हाताखाली शिकलेला, आणि खंडाविषयीचा रिकार्डोचा सिद्धांत डोक्यात पक्का बसवून आलेला तरुण. उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा जाता जे उरते त्याचा अमुक हिस्सा सरकारचा, हे सूत्र त्याने १८२७ नंतरच्या वर्षांत पुण्याकडील गावांना लावून पाहिले, आणि ते इतके सपशेल फसले की पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट यांना १८३५ पासून इंदापुरातून नवी घडी बसवावी लागली. या मंडळींच्या जमाबंदीत जिरायत, मोटस्थळ आणि पाटस्थळ असे भेद होते, पाण्याच्या शाश्वतीप्रमाणे आकारात फरकही होता. परंतु त्यांच्या लेखी पाणी म्हणजे सारा वाढविणारा जमिनीचा एक गुण, याच्या पलीकडे फारसे काही नव्हते. त्या पाण्याच्या वाटणीत गुंतलेली हवालदार-पाटकऱ्यांची संस्था त्यांना दिसली नाही असे नव्हे. तिचा आकार बांधता येत नव्हता, म्हणून ती रकान्याबाहेर राहिली.

१८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नद्यांच्या पाण्यावर सरकारचा हात पक्का झाला, आणि गावकऱ्यांच्या बंधाऱ्यांना दुसऱ्या वर्गाच्या कामांत स्थान मिळाले. पहिल्या वर्गाचा मान अर्थात सरकारी कालव्यांना. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ ताजा होता. त्याच्या पाठोपाठ १८९६ चा आणि १८९९ चा आला. आणि कालव्यांची दोन खाती झाली: व्याज भरून नफा देणारी कामे उत्पादक, आणि दुष्काळात माणसे जगवावी म्हणून तोटा सोसून बांधलेली ती संरक्षक. दख्खनचे जवळजवळ सगळे कालवे या दुसऱ्या खात्यात पडतात. नफ्याच्या कसोटीला न उतरणारे काम तरीही करावे की नाही, आणि करावे तर त्याचा लाभ कोणत्या मापाने मोजावा, हा वाद येथूनच सुरू झाला. आणि तो अद्याप संपलेला नाही.

याच सुमारास एक तरुण अभियंता या भागात कामाला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक खानदेशातले, पांझरेच्या पाण्याशी निगडित असे होते. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी ‘ब्लॉक’ पद्धत पुरस्कारिली, तीत कालव्याखालच्या जमिनीचे ठराविक तुकडे पाडून त्यांपैकी मर्यादित भागावरच ऊस घ्यायचा, बाकीच्यावर हंगामी पिके, आणि पिकांचा पालट करायचा, असा बेत होता. ज्याने फड पाहिला आहे त्याला हे साम्य डोळ्याआड करता येणार नाही. अंतर आहे ते एकाच ठिकाणी, पण ते मोठे आहे: फडाची मर्यादा गावाने स्वतःला घालून घेतली होती, ब्लॉकची मर्यादा खात्याने करारनाम्याने घातली. उसाला भाव चढले की करारनामे कसे वाकतात, हे दख्खनच्या कालव्यांवर पुढे सर्वांनी पाहिले.

खेड्याच्या अर्थव्यवहाराकडे सरकारी वसुलीच्या डोळ्यांनी न पाहता स्वतंत्र जिज्ञासेने पाहण्याचा प्रारंभ आपल्याकडे शेतकी खात्याच्या हॅरोल्ड मान यांनी केला, असे म्हणण्यास हरकत नाही; पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ साली आणि जातेगावचा १९२१ साली प्रसिद्ध झाला. परंतु पेशा या अर्थाने ज्यांनी या विद्येला महाराष्ट्रात घर बांधून दिले ते धनंजयराव गाडगीळ, आणि योगायोग असा की १९०१ साली त्यांचा जन्म नाशिकातच झाला. केंब्रिजमध्ये लिहिलेला भारताच्या औद्योगिक विकासावरील प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच झाले. पुस्तकावरून पुस्तक लिहिण्याची रीत सोडून, छापील प्रश्नावल्या हाती देऊन तरुण पदवीधरांना बाजारात, वाड्यांत आणि शेतांवर पाठविण्याची जी शिस्त त्यांनी घातली, तिच्यातून महाराष्ट्रातल्या संशोधकाच्या आयुष्याचा साचा ठरला: उन्हाळ्यात गावोगाव माहिती गोळा करायची, पावसाळ्यात कोष्टके भरायची, आणि मग निष्कर्षांवर वर्षभर कडाक्याचा वाद घालायचा.

त्यांच्या ज्या ग्रंथाचा येथे विशेष उल्लेख करावयाचा तो गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी, प्रकाशन १९४८. यांतले गोदावरीचे कालवे नाशिक जिल्ह्यातल्याच नांदूर-मधमेश्वराच्या बंधाऱ्यातून निघतात, आणि १९१६ साली पुरे झालेले दारणा धरण त्यांची पाठराखण करते. प्रवरेच्या कालव्यांना भंडारदऱ्याचे पाणी. कालव्याच्या किफायतीची कसोटी तोवर एकच होती: पाणीपट्टीतून सरकारच्या खजिन्यात किती आले? गाडगिळांनी ती बाजूस ठेवली, आणि कालव्याखालच्या शेतकऱ्यांची जिरायत भागातल्या शेतकऱ्यांशी तुलना करून, पिकाच्या उत्पन्नापासून मजुरीपर्यंत आणि तेथून व्यापार-वाहतुकीपर्यंत पसरत जाणारे लाभ, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही, मोजण्याचा घाट घातला. देवळ्याच्या शेतकऱ्याला गिरणाकाठ आणि माळ यांच्यातला जो भेद नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्यालाच या ग्रंथाने कोष्टकाचे रूप दिले. आज हा विचार सामान्य वाटेल. परंतु सार्वजनिक कामाच्या लाभ-व्ययाचे असे समाजव्यापी मापन त्या काळी पाश्चात्त्य देशांतही नवे होते, आणि ते पुण्यात बसून, स्वदेशी माणसांकरवी, दख्खनच्या कालव्यांविषयी झाले, याचा आपल्याला पुरेसा अभिमान वाटत नाही, ही गोष्ट आपल्या विद्याव्यासंगाला भूषणावह नाही.

गाडगीळ केवळ मोजून थांबले नाहीत. लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रयत्नाने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद या प्राध्यापकाने पत्करले. १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९७१ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव माधवराव हे परिसरविज्ञानाकडे वळले, आणि पश्चिम घाटाविषयीच्या त्यांच्या समितीचा २०११ चा अहवाल किती गाजला हे सर्वश्रुत आहे. एका पिढीने कालव्याचा लाभ मोजला, दुसरीने डोंगराच्या ऱ्हासाचा हिशेब मागितला, इतका या विद्येचा प्रवास एकाच घरात पाहावयास मिळतो.

प्रवरेच्या यशातून उसाचे जे राज्य पसरले, त्याला पहिला शास्त्रीय आक्षेपही गाडगिळांच्याच संस्थेशी संबंधित माणसांनी घेतला, ही गोष्ट मला या सर्व इतिहासात अतिशय लोभस वाटते. वि. म. दांडेकर, देऊस्कर आणि दत्ता देशमुख यांच्या समितीने १९७९ मध्ये, कालव्याचे पाणी बारमाही न देता आठमाही द्यावे, म्हणजे ते अधिक शेतांना पुरेल, असे प्रतिपादन केले. आणि १९८९ मध्ये नीळकंठ रथ व मित्रा यांनी पाणीटंचाईच्या प्रदेशातील सिंचनाच्या अर्थशास्त्रावर लिहिताना तोच मुद्दा आकडेमोडीने बळकट केला: जेथे पाणी दुर्मीळ तेथे उत्पन्न एकराला मोजू नये, पाण्याला मोजावे. तिकडे पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात तर पाणी जमिनीला न देता माणसाला दिले: माणशी अर्धा एकर, भूमिहीनासही हिस्सा, आणि ऊस वर्ज्य. विद्वानांचे अहवाल शासनाच्या कपाटात गेले. ऊस वाढतच राहिला. देवळ्याकडेही विठेवाडीस वसंतदादा पाटलांच्या नावाचा सहकारी कारखाना झाला, आणि गिरणाकाठच्या पाण्याला साखरेच्या भावाने किंमत लाभली.

बाहेरच्या जगात या काळात या विद्येला स्वतंत्र नाव आणि प्रतिष्ठा मिळत होती. हॉटेलिंगने १९३१ मध्ये खाणीतल्या संपत्तीचा, गॉर्डनने १९५४ मध्ये समुद्रातल्या मासळीचा सिद्धांत मांडला होता, आणि १९६८ मध्ये हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने, जे सर्वांचे असते ते सर्वजण मिळून ओरबाडतात, म्हणून सामाईक संपत्तीचा नाश अटळ आहे, असा निर्वाळा दिला. फडाच्या पाटकऱ्याला या निष्कर्षाचे हसू आले असते. त्याचे उत्तर मात्र अमेरिकेतूनच यावे असा योग होता: लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाच्या भांडणांवर १९६५ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात स्पेन, जपान, फिलिपाइन्स, स्वित्झर्लंड अशा ठिकठिकाणच्या सामाईक व्यवस्थांचे दाखले देऊन दाखविले की सीमा स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, आणि राखण करणारा त्यांचाच नोकर असेल, तर सामाईक संपत्ती शतके टिकते. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे के. आर. दाते आणि आर. के. पाटील यांनी शेतकरी-नियंत्रित सिंचनाच्या भारतीय अनुभवांचा धांडोळा १९८७ मध्येच घेतला होता. फडाला विद्वानांच्या सभेत जागा मिळवून देण्याचे श्रेय अशा मंडळींचे आहे.

परंतु फड अभ्यासाचा विषय झाला तोवर त्याच्या पायाखालची भूमी सरकू लागली होती. गिरणेवर चणकापूरचे धरण १९११ चे; आरमेवर केळझर आणि मोसमेवर हरणबारी ही धरणे नंतरची. बंधाऱ्यावरचे पाणी जे पूर्वी नदी देई, ते आता खात्याच्या आवर्तनाने येऊ लागले. आणि नदीशी जुळविलेले गावाचे वेळापत्रक कचेरीच्या वेळापत्रकाशी जुळविताना पंचांचे अधिकार सैल झाले. दुसरीकडे प्रत्येकाच्या शेतात विहीर, विहिरीवर विजेचा पंप, आणि पुढे कूपनलिका आली. स्वतःचे पाणी लाभलेल्या शेतकऱ्याला एकाच पिकाचे फडाचे बंधन जाचू लागले. उन्हाळ कांदा आणि डाळिंब ही या नव्या स्वातंत्र्याची पिके. उमराण्याच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चारचौघांच्या देखत पुकारला जातो, क्विंटलमागे पाच-दहा रुपयांसाठी बोली चढते, दिल्लीतल्या एका अधिसूचनेने ती कोसळते. पण त्या कांद्याबरोबर माळावरच्या विहिरीतले जे पाणी परदेशी जाते, त्याची बोली कोणी लावत नाही.

आज या पेशात शिरणाऱ्या तरुणाला गोखले संस्थेखेरीज १९८७ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेसारखी ठिकाणे खुली आहेत. उपग्रहाची चित्रे आणि संगणक दिमतीला आहेत. गाडगिळांच्या पाहणीदारांना सायकलीवर जे मिळवावे लागे ते बसल्या जागी मिळते. तरीही कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी नमुना नंबर सातचा अर्ज भरतो त्यावरील पीक, सातबाऱ्यावरील पीक आणि शेतात उभे असलेले पीक, यांचा मेळ घालायचा असेल तर बांधावर जाण्याला आजही पर्याय नाही.

२००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या हाती सिंचन-व्यवस्थापन देणारा कायदा केला. पाणीवापर संस्थेला घनमापनाने पाणी मोजून द्यावे, आणि त्या हक्काच्या मर्यादेत शेतकऱ्याने हवे ते पीक घ्यावे, असे त्याचे सूत्र आहे. फडाने पीक बांधून घातले होते, म्हणून त्याला पाणी काटेकोर मोजण्याची गरज पडली नाही. कायद्याने पीक मोकळे सोडले, म्हणून त्याचा सारा भार मोजणीवर पडला. आणि मोजणीचा प्रश्न पाटापाशी संपत नाही. मातीच्या पाटातून जे पाणी झिरपते ते अभियंत्याच्या वहीत गळती म्हणून तोट्याच्या रकान्यात पडते, तेच पाणी पाटाकडेच्या विहिरीत उतरून तेथल्या शेतकऱ्याचा डाळिंबाचा बाग जगविते. पाटाला अस्तर केले तर एकाची बचत ही दुसऱ्याची नुकसानी होते. शेजारच्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाखाली ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, ज्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, त्यांनी ओढ्यांवर बंधारे घालून विहिरींचे पाणीही सामाईक हिशेबात धरण्याचा प्रयत्न केला आहे. कसमादेत चणकापूरच्या उजव्या कालव्याचे पाणी पूर्वेकडच्या कोरड्या गावांपर्यंत न्यावे ही मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. ते पाणी तेथे पोहोचेल तेव्हा वाटेतल्या विहिरींनी घेतलेला हिस्सा कोणाच्या नावे लिहायचा, हे त्याआधीच ठरवून घ्यावे लागेल.